मंदीच्या वर्षी आलेला फोन

धरणात पाणी उरलं नाही म्हणून परळीचं वीज केंद्र बंद पडलं, तेव्हा आमचा धंदासुद्धा त्याच्या धुराच्या चिमण्यांवर चालत होता हे मला पहिल्यांदा कळलं. वरवर पाहिलं तर आमचा आणि विजेचा काही संबंध नव्हता. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली होती. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, त्यांच्यावर जुन्या गोधड्या ठोकलेल्या, एक माईक आणि काचेच्या आडोशापलीकडं एक कॉम्प्युटर. साड्यांचा सेल, नवीन क्लास, दुकानाचं उद्घाटन असं काही असलं की मी त्याची जाहिरात माझ्या आवाजात रेकॉर्ड करायची आणि नवरा भोंगा बांधलेल्या रिक्षातून ती गावभर फिरवायचा. परळीत मला तोंडानं ओळखणारे थोडे, आवाजानं ओळखणारे सगळे. मी भाजीचा भाव विचारला की भाजीवाली मान वर करून म्हणायची, तुमीच ना त्या सेलवाल्या.

वीज केंद्र थांबलं तसे राखेचे ट्रक थांबले. राख नाही म्हणून राखेच्या विटांचे कारखाने बंद. कंत्राटी माणसं घरी बसली. दुकानदारांनी सेल लावणं सोडून दिलं, कारण सेललाही कोणी येत नव्हतं. सकाळी दहा वाजता पेठेतून चालत जावं तर शटरं वर असायची, दिवे लागलेले असायचे आणि आत मालक एकटे गल्ल्यावर कोपर टेकून बाहेर बघत असायचे. दोन महिने मी माईकवरची धूळ पुसण्यापलीकडे काही काम केलं नाही.

काम उरलं होतं ते फक्त पुढाऱ्यांचं. पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक होती, आणि बाकी सगळं थंड असताना त्यांचे फ्लेक्स मात्र दर आठवड्याला मोठे होत होते. आमच्याकडे त्यांचं काम यायचं ते कागदावर लिहून. विकासाचा महामेरू, गोरगरिबांचा कैवारी, झंझावात, वादळ. मी ते एका दमात वाचायची. पाठीमागं तुतारी वाजायची. कोणत्या पक्षाचं आहे ते नीट बघायचीही नाही, कारण नाव सोडलं तर मजकूर सगळ्यांचा सारखाच असायचा.

दसऱ्याच्या थोडं आधी एके दिवशी गुरुजी आले. हे आमच्या भागातले एक पुढारी. राजकारणात येण्याआधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळा जिल्हा त्यांना गुरुजीच म्हणायचा. अंगानं बारीक, पायात साध्या चपला, आवाज इतका हळू की सभेत त्यांचं भाषण सुरू झालं की मागची माणसं पुढं सरकायची. त्यांना लोकांच्या फोनवर पाठवायचा एक निरोप रेकॉर्ड करायचा होता. एक कंपनी तो एकदम हजारो फोनवर पाठवणार होती. फोन उचलला की गुरुजींचा आवाज.

बरोबरच्या कार्यकर्त्यानं मजकूर लिहून आणला होता. गुरुजींनी तो उभ्याउभ्या वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. चपला दाराबाहेर काढल्या, माईकसमोरच्या स्टुलावर बसले आणि कार्यकर्त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच राहिलो, आणि काचेपलीकडं कॉम्प्युटरवर माझा नवरा.

त्यांनी मला विचारलं, माहेर कुठलं. मी सांगितलं, शिरूर कासारजवळची एक वस्ती. घरी कोण असतं, म्हणाले. मी म्हटलं, माय एकटी. भाऊ आणि भावजय दसऱ्याच्या सुमाराला ऊस तोडायला जातात, माय तीन शेळ्या घेऊन मागं राहते. गुडघे गेलेत, म्हणून तिचं तोडीला जाणं सुटलं.

"आता या वक्ताला काय करत असंल ती?"

मी घड्याळाकडं बघितलं. सकाळचे नऊ वाजून गेले होते. म्हटलं, दारात बसून ज्वारी निवडत असेल.

"फोन कोणत्या कानाला लावते?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मला आठवावं लागलं. डाव्या, मी म्हटलं. उजव्यानं तिला कमी ऐकू येतं.

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि बोटानं सुरू करायची खूण केली. मग ते बोलायला लागले. पण ते माईकशी बोलतच नव्हते. माझ्या मायशी बोलत होते. तिच्या डाव्या कानाशी.

"माय, जेवलीस का?" ते म्हणाले आणि गप्प झाले. मला वाटलं पुढचं विसरले. रेकॉर्डिंग थांबवायला मी नवऱ्याकडं हात केला, तर त्यांनी डोळे न उघडता हातानं थांबवलं. मग म्हणाले, "बरं. हातातलं काम खाली ठीव, दोन मिन्टं माझं आईक."

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी आजही शब्दाला शब्द म्हणून दाखवू शकते. वीज केंद्र बंद झालं म्हणून ट्रक थांबला. ट्रक थांबला म्हणून ड्रायव्हर चहाला उतरला नाही. चहा खपला नाही म्हणून हॉटेलवाल्यानं दूध कमी घेतलं. दूध कमी गेलं म्हणून म्हशीवाल्यानं पेंड घेतली नाही. पेंड पडून राहिली म्हणून दुकानदारानं नोकर घरी बसवला. आणि तो नोकर तुझ्याच गल्लीतला आहे, माय. "यात तुझी काई चूक न्हाई. तू काई कमी कष्ट केले न्हाईस. दिवस वाईट हायत, माणसं वाईट न्हाईत."

मी बारावीपर्यंत अर्थशास्त्र शिकले होते. मंदी म्हणजे काय ते परीक्षेत दीड पान लिहिलं होतं. पण त्या दिवशी, गोधड्या ठोकलेल्या त्या खोलीत, मला मंदी पहिल्यांदा समजली. आणि दोन महिने जे माझ्या छातीवर बसलं होतं, आपणच कुठं तरी कमी पडलो असं जे वाटत होतं, ते हललं. मजकूर वाचायला आलेला माणूस माझ्याच मनातलं मला सांगून मोकळा झाला होता.

शेवटाला ते म्हणाले, "काय अडचन हाय तुझी?" आणि पुन्हा थांबले. या वेळी बराच वेळ. मग हलकेच, "माहीत हाय मला. दिवाळी झाली की हितंच कामं काढतो. तळ्याची, रस्त्याची. घाबरून लांब पळू नका."

संपल्यावर मी म्हटलं, गुरुजी, मधल्या त्या मोकळ्या जागा कापून टाकते. ऐकणाऱ्याला वाटेल फोन कट झाला.

"कापू नका, ताई," ते म्हणाले. "तिथं ती बोलनार हाय."

दसऱ्याला मी माहेरी गेले. बीडला गाडी बदलून शिरूर, तिथून वडापची जीप. भाऊ आणि भावजय आदल्या दिवशीच ट्रॅक्टरमधून गेले होते. वस्तीतली अर्धी घरं कुलपात होती. राहिलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि यंदा जायचं का नाही ते न ठरलेली थोडी. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी ओट्यावर केस विंचरत होते आणि मायचा फोन वाजला. त्याच क्षणी शेजारचा वाजला. मग पलीकडचा. गल्लीतले एकूण एक फोन, वेगवेगळ्या गाण्यांचे, एकमेकांत मिसळून वाजायला लागले. बाया हात पुसत बाहेर आल्या.

मायनं फोन डाव्या कानाला लावला.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मला ते रेकॉर्डिंग तोंडपाठ होतं. कुठं काय येणार ते माहीत होतं. ती म्हणाली, "व्हय बाबा, खाल्ली भाकर." मग थोडं थांबून तिनं मांडीवरचं ज्वारीचं सूप खरंच खाली ठेवलं. गल्लीत शुकशुकाट झाला होता. प्रत्येक दारात एक माणूस कानाला फोन लावून उभा, आणि प्रत्येकाची मान एकाच वेळी हलत होती. देवळात आरतीला माणसं जमतात, सभेला जमतात, ते मी पाहिलं होतं. पण इथं कोणी जमलंच नव्हतं. प्रत्येकजण आपापल्या दारात एकटाच होता, आणि तरी सगळे एका जागी होते. मग ती मोठी मोकळी जागा आली. माय म्हणाली, "टँकर आला न्हाई आठ दिस झाले." पलीकडच्या ओट्यावरचा म्हातारा गुडघ्याचं काही तरी सांगत होता. शेजारची बाई काही न बोलता नुसती रडली. आणि त्या सगळ्यांना एकच उत्तर मिळालं, मी माझ्या हातानं जपून ठेवलेलं. माहीत हाय मला.

मला भीती वाटली आणि आनंदही झाला, आणि त्या दोन्हींतलं जास्त काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

दुपारी मी मायला खरं ते सांगितलं. माय, तो फोन नव्हता, रेकॉर्डिंग होतं, आमच्याच खोलीत केलेलं. त्याला तुझं काही ऐकू गेलं नाही.

माय शेळीच्या पायातला काटा काढत होती. म्हणाली, "मला काय कळत न्हाई व्हय? येवढ्या मानसांसंग येकदम कसा बोलंल त्यो." काटा निघाल्यावर तिनं शेळीला सोडलं आणि म्हणाली, "पर ईचारलं तर त्यानं. सरपंचानं कवा ईचारलं? तू बी फोन केला की भावाचं ईचारतीस, पाण्याचं ईचारतीस. जेवलीस का म्हनत न्हाईस."



परळीत परतले तर पेठेत थोडी हालचाल होती. पाणी आलं नव्हतं, वीज केंद्र बंदच होतं, पण बसस्थानकासमोरच्या हॉटेलवाल्यानं पुन्हा कढई चढवली होती. मी विचारलं, गिऱ्हाईक वाढलं का. तो म्हणाला, नाही, पण गुरुजींनी त्या फोनमध्ये हॉटेलवाल्याचं नाव घेतलं, मग बंद ठेवायला बरं वाटेना. त्यानं दूध जास्त घेतलं, हे मी स्वतः बघितलं. नुसत्या आवाजानं एक कढई पेटली होती. त्यानंतर कित्येक दिवस मी नवऱ्याला तेच सांगत होते, आणि तो म्हणायचा, तू त्यांच्या पक्षात जा आता.

माहेरच्या शेजारच्या बाईचं मात्र वेगळं झालं. ती माझ्याच वयाची. नवरा-बायको दरवर्षी तोडीला जायचे, त्या वर्षी तोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम दोनदा येऊन गेला होता आणि त्यांचं ठरत नव्हतं. फोन आला आणि ठरलं. इथंच कामं निघणार आहेत, मग कशाला जायचं, म्हणून त्यांनी मुकादमाला नकार दिला. वस्तीतल्या आणखी काही घरांनी तेच केलं. दिवाळी गेली. कामं निघाली नाहीत. संक्रांतीला मी गेले तेव्हा तिचा नवरा पारावर बसलेला होता आणि ती दुसऱ्याच्या शेतात तुरी बडवायला जात होती, तेही रोज नाही.

तिनं मला विहिरीवर गाठलं. माझ्यावर चिडली नव्हती. तिला फक्त एक विचारायचं होतं.

"तुज्या मशीनीत बोलला ना त्यो? मग त्याला ईचार की, कवा निघतेत कामं."

मी विचारते म्हटलं. परत येताना गाडीत सारखं मनात येत होतं की तो निरोप मी नुसता रेकॉर्ड केला नव्हता. त्यांना डोळे मिटून बोलायला जो माणूस लागत होता, तो मी माझ्या माहेरातला काढून दिला होता.

महिन्याभरानं गुरुजी दुसरा निरोप रेकॉर्ड करायला आले. पुन्हा चपला बाहेर, कार्यकर्ते बाहेर. पुन्हा त्यांनी विचारलं, आज कोणाशी बोलायचं, सांगा. मी शेजारच्या बाईचं सांगितलं. फोन आला ती सकाळ, मुकादमाला दिलेला नकार, पारावरचा नवरा, तुरी. तिनं विचारलेला प्रश्नही सांगितला. आमच्या खोलीत पुढाऱ्याला असं कोणी बोलत नसतं.

 गुरुजी म्हणाले, "कामं मंजूर हायत, ताई. वरून पैसे सुटंनात." आणि लगेच पुढं, "पर हे तिला कशापायी सांगायचं? तिला त्याचं काय."

मग त्यांनी खूण केली. त्या निरोपात त्यांनी सरळ सांगितलं की माझ्या शब्दावर जी माणसं थांबली, त्यांचा हंगाम गेला. तो मी घालवला. दुसऱ्या कोणाचं नाव घेणार नाही. "तू माझ्यावर इस्वास ठिवलास, बाई," ते म्हणाले, आणि 'बाई' या शब्दावर त्यांचा आवाज फाटला.  काचेपलीकडं नवऱ्यानं मान खाली घातली होती.

कार्यकर्त्यांपैकी एकजण दाराला कान लावून असावा. तो आत आला आणि म्हणाला, गुरुजी, असं कबूल केलं तर पडाल. गुरुजींनी त्याला हातानंच बाहेर घालवलं. मग डोळे पुसून मला म्हणाले, "आवाज लई फाटला. शब्द कळना. परत घेऊ."

परत घेतलं. तेच सगळं, त्याच क्रमानं. आणि 'बाई' या शब्दावर त्यांचा आवाज पुन्हा फाटला. त्याच जागी, तितकाच.

मी हेडफोन काढून हातात धरून बसले. शाळेत नाटक करणारी मुलं मी पाहिली आहेत, कीर्तनकार पाहिले आहेत, स्वतः खोटं हसून शेकडो जाहिराती केल्या आहेत. आवाजातलं खरं-खोटं मला कळतं असा माझा समज होता. ते गेल्यावर आम्ही दोघांनी दोन्ही रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकली. नवरा म्हणाला, पहिलं खरं, दुसरं केलेलं. मी म्हटलं, माणसाला एखादी गोष्ट खरंच लागली असेल तर प्रत्येक वेळी तिथंच लागेल. मग आम्ही उलटसुलट लावून ऐकली, कोणतं कुठलं ते न बघता. ओळखता आलं नाही. जाताना ते म्हणाले होते, कोणतं पाठवायचं ते तुम्हीच ठरवा. मी पहिलं पाठवलं.

त्या फोननं जे झालं ते पहिल्या फोननंही झालं नव्हतं. ज्यांचा हंगाम गेला होता त्यांतलीसुद्धा कितीतरी माणसं म्हणाली, चूक मानणारा पुढारी पहिल्यांदा बघितला. परळीत हॉटेलात, केजला जाणाऱ्या गाडीत, दवाखान्याच्या रांगेत, जिथं जावं तिथं तोच विषय. विरोधकांनी त्यांच्या चुकीचे फ्लेक्स लावले, पण जी गोष्ट माणसानं स्वतःच सांगितली तिचा फ्लेक्स कोण वाचणार. उन्हाळ्यात ते निवडून आले. चैत्रात तळ्याचं काम निघालं होतं, शेजारच्या घराला त्यातले काही आठवडे मिळाले.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं आणि वीज केंद्र सुरू झालं. चिमणीतून धूर निघालेला बघायला आम्ही सगळे गच्चीवर गेलो होतो. मला वाटलं, आता गुरुजी येतील, निरोप रेकॉर्ड करतील, बघा मी म्हणालो होतो. ते आले नाहीत. त्यांनी त्याबद्दल कुठंही एक शब्द काढला नाही. पण एकदा पेठेत एक दुकानदार दुसऱ्याला सांगत होता, गुरुजींनी शेवटी चालू केलं बघा. मी ऐकत उभी राहिले. पाऊस त्यांनी पाडला नव्हता आणि तसं ते म्हणालेही नव्हते. लोकांनीच तो त्यांच्या पदरात टाकला होता. इतकं मोठं श्रेय एखादा माणूस एक शब्द न बोलता मिळवू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं, आणि ते नवल पुरतं सुखाचं नाही.

त्या दसऱ्याला मी माहेरी होते. शेजारच्या घरी ट्रॉली भरत होती. कोयते, ताडपत्री, चूल, पिठाचा डबा. मी तिला मदत करायला गेले आणि बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते विचारलं. त्यानं चूक मानली तो फोन ऐकला होतास का?

"ऐकला की. रडला बिचारा."

मी म्हटलं, तुला ते खरं वाटलं?

ती दोरीला गाठ मारत होती. गाठ तिनं ओढून पक्की केली.

"खरंच रडला असंल," ती म्हणाली. "मला त्याचं काय करायचं. मला तवा काम पायजे व्हतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पत्र्याची पेटी एकटीला उचलेना, म्हणून दुसरी बाजू मी धरली आणि आम्ही दोघींनी ती वर चढवली. तिच्या नवऱ्यानं ट्रॅक्टरवाल्याला हाक दिली. ती ताडपत्रीवर बसली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला, आणि मला म्हणाली की तुझ्या मायकडं लक्ष असू दे, रात्रीची उठते तेव्हा तिला धरायला कोणी नसतं. मी हो म्हटलं. मग ट्रॅक्टर शिरूरच्या रस्त्याला लागला.